दरबार आणि माठ

‘स्मृतिचित्रे’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भरपूर हसलो होतो. सगळेच हसतात. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलच्या खोलीत लाइट बंद करून मोबाइलवर वाचत होतो, आणि लक्ष्मीबाई टिळकांचा तो तापट, भोळा, हातात पैसा न टिकणारा नवरा आणि त्याला पुरून उरणारी त्यांची उत्तरं वाचून उशीत तोंड खुपसून हसत होतो. (हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे. प्रत्येक वेळी सांगावं लागतं.)

दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या वर्षी, आजीसाठी, मोठ्याने. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला टीव्ही नको होता. बायबलचं वाचन झालं की ती म्हणायची, ‘आता त्या टिळकबाईंचं वाच.’ अशा वाचनात पानं उडवता येत नाहीत. पहिल्या वेळी ज्या पानांवरून मी सरकन पुढे गेलो होतो, तिथे आता आवाज अडखळायला लागला. ही पानं सोवळ्याची होती.

आमचं कुटुंब नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. टिळक पती-पत्नी ज्या नगर-राहुरीच्या ख्रिस्ती लोकांमध्ये राहिले, त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरून आलेले. माझी पणजी त्यांच्यातलीच. म्हणजे लक्ष्मीबाईंना ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, ते आम्ही. विनोदी पुस्तक वाचता वाचता आपण अचानक त्यातल्या माठाच्या पलीकडच्या बाजूला उभे असल्याचं लक्षात येतं, तेव्हा जरा थांबावं लागतं.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये ‘राजा’ या विषयावर उपदेश होता. देव राजा आहे, आपण प्रजा आहोत, रोजच्या जगण्यात त्याच्या अधीन राहायचं म्हणजे काय, असा. आमच्या पाळकसाहेबांनी सकाळी उठल्यापासूनची उदाहरणं दिली. गजर वाजल्यावर आधी मोबाइल बघता की प्रार्थना करता? ऑफिसात खोटं बोलता का? पगार झाल्यावर दशमांश काढता का? राग येतो तेव्हा कोणाची सत्ता चालते? उपदेश चांगला होता, मी टोमणा मारत नाही. पण घरी येताना बसमध्ये जाणवलं की या सगळ्या उदाहरणांत दोनच पात्रं आहेत: मी आणि राजा. तिसरं कोणी नाही. आणि मी आजीला वाचून दाखवत होतो त्या पुस्तकात राजाची सत्ता खरी आहे की नाही, हे नेमकं तिसऱ्या माणसावरून ठरत होतं.

हा लेख त्या तिसऱ्या माणसाबद्दल आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात देवाला राजा मानणारी माणसं पुष्कळ आहेत. मला त्यांतली तीन बघायची आहेत: स्वतः टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई. तिघांनीही जन्माचा धर्म सोडला, तिघंही ब्राह्मण घरातली, तिघंही लिहिणारी. पण राजाला शरण जाण्याचा अर्थ प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी शोधला, आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात अवघड जागा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

त्याआधी एक जुनी गोष्ट, कारण ती उपदेशांत क्वचित येते. बायबलात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय आहे. इस्राएली लोक म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, शेजारच्या सगळ्या राष्ट्रांना राजा आहे, आम्हालाही एक दे. शमुवेलाला वाईट वाटतं. देव त्याला सांगतो की लोकांनी तुला नाकारलेलं नाही, मला नाकारलं आहे. तरी त्यांना राजा म्हणजे काय ते नीट समजावून सांग. मग शमुवेल यादी देतो. तुमची मुलं रथापुढे धावायला नेईल, तुमच्या मुलींना स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला नेईल, चांगली शेतं आणि द्राक्षमळे घेईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल, आणि शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. देवाला राजा म्हणणं हे या गोष्टीत माणसाच्या राजेपणावर घेतलेल्या आक्षेपासारखं येतं. वर एक खरा राजा आहे, म्हणून खाली कोणी राजा होऊ नये. त्या यादीत स्वयंपाकाला नेलेल्या मुली आहेत, हेही लक्षात ठेवा.

टिळकांना हे कळत होतं असं मला वाटतं. ते भक्तीच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि ते डोंगरावरील प्रवचनात अडकले, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची ख्रिस्ती भजनं आम्ही अजून उपासनेत गातो, आणि त्या भजनांतला ख्रिस्त पुष्कळदा आई असतो, गुरू असतो, सखा असतो. राजा त्यामानाने दूरचा.

पण आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात जे काही उभं करायला घेतलं त्याला नाव दिलं ‘देवाचा दरबार’. आईचं घर म्हटलं नाही, गुरूचा आश्रम म्हटलं नाही. दरबार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील, अशी ती कल्पना होती. मिशनच्या कागदावर तुम्ही आत की बाहेर हे बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून ठरत होतं. दरबारात ते राजाकडे बघून ठरणार होतं. दरबाराला मराठी कानात आधीच जागा होती, वारकऱ्यांचा विठोबाही पंढरीचा राणाच की. शिवाय परदेशी ‘साहेब’ लोकांच्या छायेत दोन दशकं काढलेल्या माणसाने हा शब्द निवडला यात मला एक शांत बंड दिसतं. राजा एकच असेल तर साहेबही दरबारातला एक मानकरी झाला, मालक उरला नाही.

दरबार फार चालला नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. पण कल्पना म्हणून मला ती आजही आमच्या बहुतेक चर्च-कमिट्यांपेक्षा मोठी वाटते. कमिट्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

अडचण एवढीच की दरबारातल्या माणसांना जेवायला लागतं. टिळक दिसेल त्याला घरी आणत, असेल ते देऊन टाकत, आणि उद्या काय शिजवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. मराठीत नवऱ्याला ‘पतिराज’ म्हणायची गंमत आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ती गंमत राहत नाही. हा माणूस देवापुढे खरोखर नम्र आहे, पैशाचा मोह त्याला नाही, जातीचा अभिमान त्याने टाकलेला आहे, आणि तरी घरात त्याच्या लहरीला अपील नाही. बाप्तिस्म्याचा निर्णयही त्याचा. तो घेतल्यावर लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांकडे राहिल्या, चार-पाच वर्षं. पुस्तकात त्या नवऱ्यावर प्रेम करतात, त्याला हसतात, त्याचं मोठेपण मान्य करतात, आणि तरीही दरबाराचा हिशोब स्वयंपाकघरातून मांडतात. टिळकांवरची इतकी चांगली टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती त्यांच्या बायकोने लिहिली आहे, जिला लिहावाचायला त्यांनीच प्रोत्साहन दिलं होतं.

रमाबाईंचं प्रकरण वेगळं. त्या वेळी त्यांना पतिराज नव्हते. विधवा झाल्यावर लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३च्या सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. पत्रं इंग्रजीत आहेत, ए. बी. शहा यांनी ती संपादित केली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. मिळालं तर जरूर वाचा, कारण त्यात एक दुर्मीळ भांडण आहे: शरण जायचं म्हणजे नक्की कोणाला?

रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या बिशपांचा सल्ला आला की शिकवू नये, परत गेल्यावर लोकांत त्यांची किंमत कमी होईल. रमाबाई भडकल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की ख्रिस्ताची सत्ता मी मानली आहे, तुमच्या प्रत्येक अधिकाऱ्याची इच्छा ही ख्रिस्ताची इच्छा आहे असं मी कबूल केलेलं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपासून त्रैक्याच्या सिद्धांतापर्यंत त्या वाद घालत राहिल्या. सिस्टर जेराल्डाइनना यात अहंकार दिसला. त्या पुन्हा पुन्हा नम्रतेची आठवण करून देतात. रमाबाईंचं उत्तर, माझ्या शब्दांत: राजाला मुजरा केला म्हणून त्याच्या प्रत्येक कारकुनाला करायचा नसतो.

इथे माझ्यासारख्या वाचकाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मी वाजवल्याही. ऑफिसात मॅनेजरचं ‘देवाने आपल्याला हे प्रोजेक्ट दिलंय’ छापाचं बोलणं ऐकलेल्या कोणालाही वाटेल. (खरंच बोलतात असं. सगळ्या धर्मांचे मॅनेजर.) पण पुढच्या रमाबाईही बघायला हव्यात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांमध्ये, त्या स्वतः जवळपास राणी होत्या. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत सगळं बायबल भाषांतरित केलं, ते तिथल्या बायकांनी स्वतः जुळवलं आणि छापलं, आणि १९२२ मध्ये रमाबाई गेल्यानंतर ते प्रसिद्ध झालं. पंडितांचे जड शब्द काढून टाकण्याचा त्यांचा हट्ट होता, दळण दळणाऱ्या बाईला ते कळलं पाहिजे म्हणून. कारकुनांशी भांडणाऱ्या बाईने राजाचं फर्मान स्वयंपाकघराच्या भाषेत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. तिच्या बंडापेक्षा हे भाषांतर मला तिच्या शरणागतीचा जास्त चांगला पुरावा वाटतं. दुर्दैवाने आज ते कोणी वाचत नाही.

टिळकांनी राजापुढे मिशन लहान केलं. रमाबाईंनी बिशप लहान केले. दोघंही वरच्या सत्तेशी भांडले. यात धैर्य लागतं, पण एक सोयही असते, वर बघून भांडणाऱ्या माणसाला खाली बघावं लागत नाही. लक्ष्मीबाईंना ही सोय नव्हती. त्यांना जे सोडायचं होतं ते त्यांच्यापेक्षा खालच्या समजल्या गेलेल्या माणसांवर चालणारं होतं.

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच सोवळ्याने होते, आणि ही सुरुवात अभ्यासकांनी नीट वाचलेली नाही अशी माझी तक्रार आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मिठासारखी वस्तूसुद्धा. आपण हे वाचून हसतो, कारण मीठ धुतलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा प्रसंग राज्यसत्तेचा आहे. एका सत्तेने घरातला कर्ता माणूस मारला. तिच्याशी लढता येत नाही, म्हणून दुसऱ्या पुरुषाने स्वतःचं राज्य घराच्या आत उभं केलं, जिथे सगळे कायदे त्याचे आणि सगळी भीती बायकामुलांची. या राज्यात लक्ष्मीबाई वाढल्या. त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा तेच राज्य थोडं सौम्य होऊन त्यांच्याबरोबर आलं. नवरा ख्रिस्ती, त्याच्याकडे येणारी-जाणारी माणसं ख्रिस्ती, आणि यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं.

टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्यांच्या सांगण्याने हे सुटलंच नाही. लक्ष्मीबाई स्वतः विचार करत बसल्या. देवाने माणूस केला हे ठीक, पण जाती त्याने केल्या असतील का? प्राण्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या दिसत नाहीत, मग या कोणाच्या? त्यांना उत्तर मिळालं की या माणसाच्या आहेत. आणि ज्या दिवशी हे पटलं त्या दिवसापासून हातचं पाणी-जेवण चालू झालं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माठ, मग बाप्तिस्मा. आमच्याकडे उलटं शिकवतात: आधी राजाला शरण जा, मग तो तुम्हाला हळूहळू बदलेल. लक्ष्मीबाईंनी राजाचं नाव घेण्याआधी त्याचा हुकूम ओळखला. जाती माणसाने केल्या हे वाक्य म्हणजे त्यांच्यापुरती एका राज्याची अखेर होती. वडिलांचं ते मीठ धुण्याचं राज्य त्यात गेलं, आणि पतिराजांचंही थोडं, कारण निर्णय त्यांच्या सांगण्यावरून झालेला नव्हता. पौलाच्या पत्रात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं असं आहे, आमच्याकडे ते लग्नात वाचतात. ‘अधीन’ हा शब्द देवासाठी आणि नवऱ्यासाठी एकच वापरतात, आणि ऐकणाऱ्या मुलीला दोन्ही एकच वाटावेत अशी सोय होते. लक्ष्मीबाईंनी, कुठलाही सिद्धांत न मांडता, ते दोन वेगळे करून दाखवले.

तरी माझं या प्रसंगाने पूर्ण समाधान होत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या आतून सांगितलेला आहे, आत्मचरित्र असल्याने तो तसाच असणार. त्यांना काय सोडावं लागलं ते कळतं. ज्यांच्या हातचं इतके दिवस चाललं नाही त्यांना त्या दिवसांत काय वाटत होतं, ते कळत नाही. मराठी समीक्षेने या पुस्तकाचा विनोद, बोलीभाषा, निर्भीडपणा यांवर भरपूर लिहिलं, आणि ते खरंच आहे. पण जवळजवळ सगळं लेखन लक्ष्मीबाईंच्या खांद्यावरून बघतं: किती मोठी झेप घेतली बाईंनी! झेप मोठी होती यात शंका नाही. पण ज्या जमिनीवर त्या उतरल्या तिथे आधीपासून माणसं राहत होती. माझी पणजी काही पुस्तक लिहून गेली नाही. तिच्या बाजूचं ‘स्मृतिचित्रे’ नाही, आणि त्या रिकाम्या जागेसह हे पुस्तक वाचायला हवं.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी ख्रिस्ती, दुसऱ्या जिल्ह्यातली, आयटीमधलीच. आम्ही दोघं तीन-चार वेळा भेटलो, एकमेकांना आवडलो. मग तिच्या काकांचा फोन आला. आवाज गोड, सुरुवातीला ‘जय ख्रिस्त’, प्रभूची कृपा, वगैरे. आणि मग: ‘तुम्ही मूळचे कोण?’ बाबांनी नगरचे असं सांगितलं. काका म्हणाले, ते नव्हे, त्याआधीचे. बाबांनी खरं सांगितलं. पुढचा फोन आला नाही. मुलीने एक मेसेज केला, त्यात प्रार्थनेचा उल्लेख होता. तिच्यावर माझा राग नाही, पण त्या मेसेजला मी आजही उत्तर दिलेलं नाही.

गंमत बघा. सरकारच्या लेखी, १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे, ख्रिस्ती झाल्यावर आमची ती जात राहत नाही आणि तिच्या सवलतीही नाहीत. शीख आणि बौद्धांसाठी पुढे तो आदेश बदलला, आमच्यासाठी नाही. म्हणजे सरकार म्हणतं तुमची जात गेली, आणि काका म्हणतात जात कुठे जाते? दोघांच्या मधे आम्ही रविवारी उभं राहून राजाची गाणी म्हणतो.

काकांनी दशमांश नक्कीच दिला असणार. सकाळची प्रार्थनाही चुकवली नसणार. पाळकसाहेबांच्या त्या यादीतल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर बरोबर आलं असतं. म्हणूनच मला वाटतं की यादीत तिसरा माणूस हवा. प्रभूच्या प्रार्थनेत राज्य येण्याची मागणी भाकरीच्या आधी येते, आणि भाकर ‘माझी’ मागत नाहीत, ‘आमची’ मागतात. त्या ‘आमची’मध्ये कोण कोण बसतं हे काकांना कोणी कधी विचारलेलं नाही. मलाही नाही, खरं तर. आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना उन्हाळ्यात मी पाणी दिलं ते वेगळ्या बाटलीतून. ‘घेऊन जा’ म्हणालो, प्लास्टिकचीच होती. मला तेव्हा ती माणुसकी वाटली होती. ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचताना ती बाटली आठवली आणि मी मधेच पाणी प्यायला उठलो.

आजीने विचारलं, ‘काय झालं?’

‘काही नाही. खवखवतंय जरा.’

मग मी ते पान पूर्ण वाचलं, जाती कोणी केल्या तिथपासून हातचं चालू झालं तिथपर्यंत. आजी डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ऐकत होती. मला वाटलं ती आता पणजीचं काहीतरी सांगेल, मी मोबाइलचा रेकॉर्डरही चालू केला होता. ती बराच वेळ गप्प राहिली.

‘पेली का मग पाणी?’

‘पेली.’

‘बरं केलं,’ आजी म्हणाली. ‘राहुरीला ऊन लई असतं. पुढं वाच.’